डावी बाजू

आंबेरकरनं साडेचार हजारांना विकली मला
एक डावी बाजू.
रेक्झिनची बॅग, आत मागच्या वर्षीचे पेपर,
पेपरांत हाडं.
म्हणाली, कवटी अख्खी आहे, बाकी अर्धंच.
मनगटात आठ हवीत, सातच भरतील.
वाटाण्याएवढं होतं ते हरवलं
परीक्षेच्या आदल्या रात्री.
कुणी विचारलं तर सांग, आहे म्हणून.

परळ. हॉस्टेलचा तिसरा मजला.
कॉटखाली माझी ट्रंक, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा,
आणि ते.
हाड नपुंसकलिंगी, व्याकरणापुरतं.
दुसऱ्या आठवड्यात खुब्याच्या खाचेत अंगठा घातला,
तर तो सैल फिरला, ऐसपैस.
त्या रात्रीपासून ती.

तिच्यावर तिघींच्या हाताची शाई:
स्नायू सुरू होतो तिथे लाल, संपतो तिथे निळी.
मांडीवर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय
'हे नक्की येतं'.

म्युझियममध्ये घाडीमामा पितळी तार ओवतात.
तीस वर्षं हेच. मणक्यामणक्यात नमद्याची चकती,
गुडघ्याला दोन स्प्रिंगा.
म्हणतात, कोपर म्हणजे बिजागरी, त्याला अक्कल लागत नाही.
खुबा खोल उखळ. खांद्याचं उखळ कुठलं,
ती बशी. म्हणून हात आभाळाला लागतो
आणि म्हणूनच निखळतो.
मान म्हणजे जातं. खालच्या मणक्याची खीळ,
वरचा तिच्याभोवती फिरतो.
माणूस नाही म्हणतो ना, तेव्हा दळत असतो.

आणि पोरी, सांधा शिकायचा तर
हाडाकडे बघू नकोस, मधल्या फटीकडे बघ.
फट बुजली की सांधा गेला.

आई खेडहून आली, एका रात्रीपुरती.
कॉटखाली वाकली आणि तशीच मागे सरली.
अस्थी घरात घेत नाहीत गं.
अस्थी नाहीत आई, हाडं आहेत.
फरक काय?
अस्थी न्यायला कुणीतरी येतं, मी म्हणाले,
आणि मलाच ते नको होतं म्हणायला.

तिनं बॅग उचलली, गॅलरीत नेली,
कपड्यांच्या दोरीच्या हुकाला टांगली.
गावी कलश झाडाला बांधतात, तशी.
समोर गिरणीच्या जागेवर उठलेला टॉवर,
त्याचे लाल दिवे रात्रभर तिच्यावर.
वारा फारसा नव्हता. तरी आतून आवाज येत होता
वाळल्या शिकेकाईसारखा.
आम्ही दोघी जाग्या, आणि दोघीही
झोपल्याचं एकमेकींना दाखवत.

सकाळी आई फरशीवर उकिडवी,
माझ्यासाठी आणलेले वाल निवडत.
मी नडगीचं हाड घेऊन तिच्यापुढे बसले.
हे बघ, खालच्या कडेला, पुढच्या अंगाला,
नखाएवढी गुळगुळीत जागा.
सगळ्यांना नसते ही.
आयुष्यभर उकिडवं बसणाऱ्यांना होते.
घोटा इतका दुमडतो की
हाड हाडाला भेटून वाट पाडतं.
पुस्तकात याच्यावर दोनच ओळी.

आईनं वालाचे हात पदराला पुसले.
बोट ठेवलं. फिरवलं.
मग स्वतःच्या घोट्यावर, कातडीवरून, तिथेच.
चुलीपुढची असणार, म्हणाली. नाहीतर भात लावणारी.
किंवा लोकांची भांडी.
उठताना तिचा गुडघा कट्ट वाजला,
मी मनात नाव घेतलं सांध्याचं,
सवयीनं.

ती गॅलरीत गेली, बॅग काढून आणली,
कॉटखाली सारली, लाडवांच्या डब्याला लागणार नाही अशी.
थोडा वेळ तशीच हात टेकून राहिली वाकून.

आणि उजवी, तिनं विचारलं,
उजवी कुणाकडे असेल गं?